बसमोज्याचा चंद्र

थंडी अशी पडली होती की मेथीवरचं दंव बोटांना चावत होतं. धायरीच्या मळ्यात गेनबा उकिडवा बसून मेथी उपटत होता, मुळांची माती झटकत होता आणि जुड्या बांधून पाटीत रचत होता. सिंहगडाच्या अंगाला अर्धा चंद्र अजून मावळायचा होता. माणूस त्यावर पाऊल ठेवून आला, त्याला चार-पाच महिने झाले होते. एकोणसत्तर साल सरत आलं होतं.

"आबा, आज शाळंत यायचं हाय तुमी. टेबल घिऊन," नात शालू म्हणाली.

टेबल म्हणजे तिवईवरची मोजणीची फळी. गेनबाची सारी नोकरी मोजणी खात्यात गेली. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, तिचे सोळा सारखे भाग म्हणजे सोळा आणे, खांद्यावर तिवई. तालुक्यातला असा बांध नसेल जिथं त्याच्या चपलेला चिखल लागला नाही. पण गावानं नाव दिलं ते 'बसमोज्या'.

त्याला कारण बजरंग. अकरा वर्षांमागं ऐन पावसाळ्यात बजरंगच्या रानाची मोजणी निघाली. ओढा दुथडी भरलेला. गेनबानं अलीकडच्या हद्दीच्या दगडापासून पलीकडच्या आंब्यापर्यंतचं अंतर अलीकडंच बसून काढलं आणि कागदावर लिहिलं. बजरंगच्या हिशेबानं रान दोन गुंठे कमी भरलं. "वढा वलांडला न्हाई, अन् म्हनं मोजलं," असं तो चावडीवर म्हणाला, आणि नाव चिकटलं. मोजणीदाराचं माप खोटं म्हटलं की त्याच्यापाशी उरतं काय? पुढं गेनबा निवृत्त झाला, नाव झालं नाही.

आता ते नातीच्या वाट्याला आलं होतं. तिच्या वर्गाच्या मंदाकिनीबाई शनिवार पेठेतून रोज बसनं धायरीला येत. त्यांनी वर्गात सांगितलं, चंद्रावर कुणी जायच्या आधीच त्याचं अंतर ठाऊक होतं; दोन लांबच्या गावांहून एकाच वेळी बघायचं आणि कोनांतला फरक काढायचा. शालू पटकन बोलली, "आमचं आबा असंच मोजायचं." सारा वर्ग हसला. बसमोज्याची नात.

बाई हसल्या नाहीत. "आजोबांना शनिवारी घेऊन ये," एवढंच म्हणाल्या.

शाळेमागंच तो ओढा, तो दगड आणि तो आंबा. वर्ग काठावर उभा राहिला. बजरंग खांद्यावर घोंगडं टाकून आधीच आला होता.

"गेनबा, आपण सुरू करा," बाई बजरंगकडं बघत म्हणाल्या. "प्रेक्षक वेळेवर आलेत. पालकसभेला कधी दिसत नाहीत."

गेनबानं दगडापासून काठाकाठानं चार साखळ्या अंतर मोजलं. दगडावर टेबल लावून आंब्याच्या बुंध्याचा नेम धरला, कागदावर रेघ ओढली. मग टेबल दुसऱ्या टोकाला नेलं, पुन्हा नेम, पुन्हा रेघ. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदल्या तिथं त्यानं टिंब दिलं, आणि काठावरच्या चार साखळ्या कागदावर ज्या प्रमाणात घेतल्या होत्या त्याच प्रमाणात दगडापासूनचं अंतर पट्टीनं काढलं.

"ह्यो आंबा. दगडापासनं सात साखळ्या, पाच आणे. तवा बी हेच लिवलं हुतं."

"आता खरी साखळी घाला की," बजरंग म्हणाला.

"घाल. म्होरलं टोक तूच धर."

ओढ्याला आता पोटरीभर पाणी होतं. साखळी दगडापासून निघाली, धोंड्यांवर पाय देत जाणाऱ्या बजरंगमागं ओढा ओलांडून आंब्यापर्यंत गेली. शालू मोठ्यानं मोजत होती. बुंध्याशी बजरंग वाकला आणि तोंड फाकवून म्हणाला, "सात साखळ्या, सहा आणे. आण्यानं चुकलास."

पोरं गेनबाकडं बघू लागली. त्याचा हात मिशीकडं गेला आणि थांबला.

"वढ्यावर साखळी लोंबत हुती," तो म्हणाला. "पाय भिजू ने म्हनून तू ढिली धरलीस. ढिली साखळी अंतर वाढवती. पान्यात उतर, अन् ताण."

बजरंगनं बाईंकडं पाहिलं. "थंडी आहे खरी," बाई म्हणाल्या. "राहू द्या हवं तर."

बजरंग उतरला. साखळी तारेसारखी ताणली. बुंध्याशी पोचल्यावर त्यानं आणे एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले.

"किती?" शालूनं विचारलं.

"पाच," तो म्हणाला. मग घोंगडं सारखं करत, "पाचच हायती."

गेनबानं वर बोट केलं. फिकट चंद्र अजून होता. "नेम त्योच, पोरांनो. आंगठा डोळ्याम्होरं धरा. ह्यो डोळा मिटा, मग त्यो. आंगठा सरकतो का न्हाई? चंद्र लांब, म्हनून चार साखळ्यांवर त्यो सरकत न्हाई. त्याला दोन मुलखांचं अंतर लागतं. पर मोजनारा बसल्या जागीच असतो."

बाईंनी पुढं सांगितलं, यंदा चंद्रावर आरसा ठेवलाय. इथून उजेड सोडायचा, तो अडीच सेकंदांत परत येतो, त्यावरून तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास निघतं.

"म्हंजी उजेडाची साखळी," गेनबा म्हणाला. "झ्याक. तिला ढिली धरायची सोय न्हाई."

बजरंग ओली पावलं झटकत जवळ आला आणि त्यानं तिवई आपल्या खांद्यावर घेतली. "चला, मोजणीदार. घरापतूर पोचवतो."

शालूनं ते ऐकलं. सगळ्या वर्गानं ऐकलं. गेनबा वाटभर ताठ चालला.

मळ्यात पोचल्यावर त्यानं टोपी काढून बांधावर ठेवली. ऊन चढायच्या आत अर्धा वाफा उरकायचा होता. तो उकिडवा बसला आणि मेथीची पुढची जुडी बांधू लागला.