नाव नसलेली बातमी

शालीकराम लंजे हा आमचा केशोरीचा वार्ताहर. अकरा वर्षांत त्याने मला बातमी अशी पाठवलीच नाही. पाठवली ती नावं. तलावातला गाळ काढला, तर गाळाच्या दोन ओळी आणि पुढे एकेचाळीस नावं. अमुक प्रामुख्याने उपस्थित होते, तमुक यांनी आभार मानले, आणि शेवटी ठरलेली ओळ: यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले. मी गोंदियाच्या कार्यालयात उपसंपादक. ती नावं कापणं हे माझं काम, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून भांडणं हे त्याचं.

तसं त्याचंही खोटं नव्हतं. तो वार्ताहर होता आणि पेपरचा एजंटही होता. ज्याचं नाव छापून येई तो अंक विकत घेई, आणि ज्याचं मी कापलं तो शालीकरामला चौकात गाठी. एकदा तर सवयीने त्याने मयतीच्या बातमीतही लिहिलं, 'अंत्यविधीच्या यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले.' ओळ माझ्या नजरेतून सुटली आणि छापून आली. संपादकांनी मला झापलं. मयताच्या घरच्यांनी मात्र पंचवीस अंक जास्तीचे मागवले.

२०१२ साली एका संस्थेचं पत्रक आलं. दुर्मीळ आजारांवर लिहिणाऱ्या पत्रकारांना नागपुरात तीन दिवस प्रशिक्षण, नंतर फिरायला आणि लिहायला अभ्यासवृत्ती. अट एकच, सहा महिन्यांत एक लेख छापून यायला हवा. मी शालीकरामचा अर्ज भरून टाकला. समाजसेवा म्हणून नव्हे. तीन दिवस त्याचा फोन येणार नाही, एवढाच माझा हेतू. आमच्या भागातून दुसऱ्या कोणी अर्जच केला नाही, त्यामुळे हा पठ्ठ्या निवडला गेला.

तिथे रीता मॅडम शिकवायला होत्या. रोग्याला बिचारा म्हणू नका, देवाचा कोप लिहू नका, लिहिलेलं छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवा आणि ते नको म्हणाले तर नाव टाकू नका, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या वाक्याला शालीकराम उभाच राहिला.

"मॅडम, नावच नाही टाकलं त बातमी वाचन कोन?"

सगळे हसले म्हणे. त्याला कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

तिथेच त्याने हिमोफिलियाबद्दल ऐकलं. रक्त गोठत नाही, साधं पडलं तरी आतल्या आत वाहत राहतं, सांधा सुजतो. आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि बरेचदा आईकडून येतो. त्याला गावातला एक पोरगा आठवला. दुधाचा दात पडला तेव्हा तीन दिवस त्याच्या तोंडातून रक्त येत होतं आणि गावाने करणीपासून काविळीपर्यंत सगळं सांगून पाहिलं होतं. पोराला मी लोकेश म्हणतो, आईला अल्का, बहिणीला मोनाली. खरी नावं मला ठाऊक नाहीत. का ठाऊक नाहीत, तीच तर ही गोष्ट आहे.

शालीकराम अल्काच्या घरी गेला. तिला आजाराचं नाव आधीपासून माहीत होतं, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. पण तिने ते दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं. मोनालीची सोयरीक जुळत आली होती. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं असतं, तर पोरीच्याही रक्तात दोष आहे म्हणून ते उठून गेले असते. दुसरीकडे लोकेशचा गुडघा सुजला की इंजेक्शनसाठी नागपूर गाठावं लागे. पेपरात आलं तर ते जवळ कुठे तरी मिळू लागेल, या आशेवर ती बोलायला तयार झाली. नाव येणार नाही, असं शालीकरामकडून वदवून घेतल्यावरच.

त्याने लेख लिहिला आणि शिकवल्याप्रमाणे वाचून दाखवायला गेला. नाव खरंच नव्हतं. बाकी 'गिरणीमागे राहणाऱ्या, माजी उपसरपंचांच्या धाकट्या सूनबाई' होत्या, आणि शेवटी 'मुलाला नागपूरला नेण्यासाठी' म्हणून मोठे काका, दोन मामा आणि जीपवाला जागेश्वर यांनी परिश्रम घेतले होते. या खुणा मला सांगतानाही त्याने बदलल्याच असणार.

अल्का शांतपणे म्हणाली, "नाव झाकलं भाऊ, अन् पूरं घर उघडं टाकलं."

तो कागद तिने चुलीत घातला. शालीकरामने आठवडाभर एकही बातमी पाठवली नाही. अकरा वर्षांत त्याची बातमी मी शेकडो वेळा कापली होती, पण त्याला लाज वाटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. तो पुन्हा बसला. या वेळी त्याने गाव काढलं, गिरणी काढली, मामा काढले. गावाला ठाऊक असलेला दातही काढला. उरला तो गुडघा, नागपूरची वाट आणि रात्रभर पोराचा पाय मांडीवर घेऊन बसलेली आई.

लेख घेऊन तो स्वतः गोंदियाला आला. मी वाचला आणि मला धक्काच बसला, कारण लेख चांगला होता. पण माझ्यातला उपसंपादक जागा झाला. खरं कशावरून, म्हणालो. त्याने डॉक्टरांचा कागद माझ्यासमोर धरला, नावावर अंगठा दाबून. मी चहा मागवला. तो डाव्या हाताने प्यायला. मी समोसा मागवला. तोही डाव्या हाताने. किमान मला तरी सांग, मी काय गावभर सांगत फिरणार आहे, असं म्हणून पाहिलं.

"तुमाले सांगून मी काय करू? तुमी त नावं कापणारे लोक," तो म्हणाला.

लेख रविवारी शालीकरामच्या नावाने छापला. केशोरीत कोणाला काही कळलं नाही आणि अंकही खपले नाहीत.

बुधवारी चिचगडकडचा एक माणूस मोटरसायकलवरून शालीकरामच्या दारात आला आणि थेट अंगावर धावला. माझ्या पोराची बातमी तुला कोणी दिली, असं तो विचारत होता. तुमचा पोरगा नव्हे म्हणावं, तर मग कोणाचा ते सांगावं लागलं असतं. म्हणून शालीकरामने अर्धा तास मुकाट्याने शिव्या खाल्ल्या आणि नंतर त्या माणसाला पाणी दिलं. चार दिवसांनी प्रतापगडच्या पायथ्याकडून एका बाईचा फोन आला; तिला मी शांतीबाई म्हणतो. आमच्या घरचं लिहिलं पण नाव झाकलं, म्हणून ती त्याचे आभार मानत होती.

हे सगळं, कोण कुठले ते न सांगता, त्याने अल्काला सांगितलं. आपल्याच पोटात दोष आहे, असा दोष असलेली या मुलखात आपण एकटीच, हे ती सहा वर्षं धरून बसली होती. मग तिने विचारलं, "त्यायच्या पोरायचा गुडघाबी सुजते का?"

सुजतो, शालीकराम म्हणाला.

त्यानंतर तिने मोनालीला समोर बसवून सगळं सांगितलं. मोनालीने ते मुलाच्या घरी कळवलं. तिकडून पंधरा दिवस निरोप नव्हता (पुढे काय आला, ते शालीकरामने मला कधी सांगितलं नाही), आणि त्या पंधरा दिवसांतच अल्काने त्या फोनवाल्या बाईला भेटायचं ठरवलं. शालीकरामने आधी शांतीबाईची परवानगी काढली. पाहुणी कोण, कशासाठी येते, ते मात्र सांगितलं नाही.

शांतीबाईने दोघांना खाटेवर बसवलं आणि पत्र्याच्या पेटीतून कात्रण काढून मोठ्या अभिमानाने अल्काच्या हातात दिलं. माझ्या पोराचं पेपरात आलंय, म्हणाली. शालीकराम खाली पाहत बसला. होकार द्यायचा की नकार, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

अल्काने कात्रण शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, "हे माह्या लोकेशचं आहे, बाई. पन तुमच्याबी पोराचं आहे. ठेवा तुमच्याजवळ."