ब्रेमरहाफेनला दिलेली साक्ष

अन्याय झाला तो एका वॉलरसच्या पिल्लावर. गेल्या वर्षी, ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, उत्तर ध्रुवाकडच्या एका बेटाच्या किनाऱ्यावर. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण व्हिडिओ माझ्या काकांच्या, म्हणजे आत्याच्या यजमानांच्या, फोनमध्ये आहे. पर्यटकांचं जहाज नको इतकं जवळ गेलं. किनाऱ्यावर पहुडलेला वॉलरसचा (लांब सुळ्यांचा, म्हशीहून मोठा समुद्रप्राणी) अख्खा कळप घाबरून पाण्याकडे धावला आणि पिल्लू खाली चिरडलं. आई परत वर आली. मिशांनी त्याला ढोसत राहिली. व्हिडिओ तिथे संपतो.

जहाज जवळ का गेलं? कारण जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप त्यावर होता, आणि त्यांनी कॅप्टनला गळ घातली. नुसती विनंती कशी करायची, म्हणून सोबत घरच्या बेसनाच्या लाडवांचा डबा नेला. डबा घेऊन गेले ते माझे काका.

यंदा मार्चमध्ये ब्रेमरहाफेनला ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या जहाजांच्या नव्या नियमांवर अनहोरुंग (जाहीर सुनावणी) होती. जहाजांनी किती हळू जावं, प्राण्यांपासून किती लांब राहावं, हे ठरायचं होतं. अंतराचं कलम सक्तीचं करायचं की नुसती शिफारस म्हणून सोडायचं, यावर सगळं अडलं होतं. कंपन्यांचं म्हणणं, आमचे कॅप्टन स्वतःच काळजी घेतात. ते खोटं आहे असं डोळ्यांनी पाहिलेलं सांगणारा माणूस समुद्र वाचवण्यासाठी झटणाऱ्या आमच्या गटाकडे नव्हता. आमच्याकडे पत्रकं होती. माणूस, म्हणजे माझे काका, तिकडे दक्षिणेत हेर्त्सोगेनआउराखला घरात बसला होता आणि या विषयावर बोलायला तयार नव्हता.

शेवटी आत्यानेच त्यांना माझ्याकडे कोलोनला आणलं. "चला, समुद्र तरी बघून येऊ," एवढंच ती त्यांना म्हणाली होती. सकाळच्या गाडीत आम्ही तिघं समोरासमोर बसलो. काकांनी माझ्या पिशवीतलं पत्रक काढून मथळा मोठ्याने वाचला.

"'समुद्राचे खुनी.' यात मीपण आलो का?"

"आलात," मी म्हणाले.

"सई, काका आहेत ते तुझे," आत्या म्हणाली.

"म्हणून तर तोंडावर सांगतेय."

"अहो, तुम्ही आता काही बोलू नका. दशमी खा."

काकांनी दशमी खाल्ली, पत्रक घडी करून खिशात ठेवलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. गाडी रखडत गेली आणि ब्रेमेनला आमची पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली. तासभर फलाटावर कुडकुडलो. "जर्मन लोक वेळेचे पक्के, असं मी तीस वर्षं गावाला सांगत आलो," काका म्हणाले. सकाळपासून ते पहिल्यांदाच हसले होते.

ब्रेमरहाफेनला उतरून डाइशवर (समुद्र अडवणारा मातीचा बांध) चढलो. वेझर नदी इथे समुद्राला मिळते, पण नदी कुठे संपली ते कळतच नाही. ओहोटी होती. करडा चकचकीत चिखल क्षितिजापर्यंत पसरलेला, त्यावर तितकंच करडं आभाळ, आणि मधून एक मालवाहू जहाज सरकत होतं. अख्खी इमारत उठून चालायला लागावी तसं. वारा असा की उभं राहायला पाय रोवावे लागत. एका टपरीवर मी हेरिंग माशाचा पाव घेतला. आत्याने नुसता कांद्याचा पाव मागितला, तेव्हा टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "समुद्रापर्यंत येऊन कांदा?" आणि पैसे न घेता दिला.

सुनावणी दुपारी होती. त्याआधी आमच्या ओळखीच्या संशोधक आन्के यांनी प्रयोगशाळेत बोलावलं होतं. त्या बर्फाखाली मायक्रोफोन सोडून समुद्र ऐकतात. लहानशी खोली, तीन हेडफोन. आन्केंनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं.

आधी काहीच नाही. मग दुरून बर्फ कुरकुरला, जुनं दार उघडावं तसा. मग एक शीळ. कुठल्या कुठे उंचावर सुरू झाली आणि गिरक्या घेत खाली, आणखी खाली, श्वास संपेल म्हणावं तरी खालीच जात राहिली. "दाढीवाला सील," आन्केंनी कागदावर लिहिलं. "नर. मादीला बोलावतोय." त्याला लांबून दुसऱ्याने उत्तर दिलं. मध्येच टण्ण, टण्ण, पाण्यात घंटा वाजावी तसं. तो वॉलरस. मी दोन वर्षं या समुद्रासाठी ओरडतेय आणि तो गातो हे मला माहीत नव्हतं. आत्याने डोळे मिटले होते.

मग घरघर सुरू झाली. आधी कानात काही बिघडलंय असं वाटलं. ती वाढत गेली. शीळ अर्ध्यात तुटली. घंटा थांबली. नंतर कितीतरी वेळ फक्त घरघर.

काकांनी हेडफोन काढले नाहीत. त्यांनी उभा जन्म बेअरिंगच्या कारखान्यात आवाजाच्या विभागात काढला. यंत्राला कान लावायचा आणि ते कुठे कुरकुरतं ते सांगायचं, हे त्यांचं काम.

"जहाजाच्या पंख्याची पाती पाणी फोडतायत," ते जर्मनमध्ये आन्केंना म्हणाले. "बुडबुडे फुटतायत, त्याचा हा आवाज. वेग कमी केला तर जाईल."

"गेनाऊ (अगदी बरोबर)," आन्के म्हणाल्या. "पण आवाजाबद्दल नियम नाहीत, फक्त सूचना आहेत."

"जहाज किती लांब होतं?"

"मायक्रोफोनपासून? आमच्या माणसांना ते दिसलंही नव्हतं."

काकांनी खिशातून माझं पत्रक काढलं आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहायला लागले. मी सुचवायला गेले, तर हाताने थांबवलं. "तुझी विशेषणं नकोत."

सभागृहात कंपन्यांचे वकील पहिल्या रांगेत होते. आमची पत्रकं मागच्या टेबलावर तशीच पडून. काकांचा नंबर आला. त्यांनी तारीख, वेळ, जागा सांगितली. मग पिल्लाबद्दल दोन वाक्यं. आवाज न चढवता, यंत्राचा अहवाल द्यावा तसं.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कॅप्टनने स्वतःहून जहाज थांबवलं नाही का?"

"थांबवलं होतं," काका म्हणाले. "लांबच थांबवलं होतं. मी लाडू घेऊन गेलो. जरा पुढे नेऊन त्यांनी मला विचारलं, आता पुरे का? मी म्हणालो, थोडं अजून."

अध्यक्षबाईंनी ते लिहून घेतलं.

"कॅप्टन भला माणूस होता," काका पुढे म्हणाले. "पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून नियम हवा. त्याच्या हातात नाही म्हणायला काहीतरी द्या."

दोन वर्षांत आमच्या एकाही घोषणेला हे सांगता आलं नव्हतं. अध्यक्षबाईंनी व्हिडिओ मागून घेतला आणि सक्तीचं कलम मसुद्यात ठेवून पुढे पाठवत असल्याचं जाहीर केलं. नियम अजून झालेला नाही. कंपन्या अजून बोलतायत.

परतताना आत्या काकांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी म्हणाले, "काका, मथळा बदलते मी." ते म्हणाले, "नको बदलू. खाली माझं नाव घाल." खुनी म्हणजे लांब कुठेतरी बसलेली कंपनी, असं धरून मी चालले होते. तो समुद्र गप्प करायला एक प्रेमळ आग्रहही पुरतो.

तुमच्यापैकी कितीतरी जण आता ध्रुवीय सफरीला जातात. फोटो मी पाहिलेत, प्राण्यांच्या डोळ्यांतली भीती दिसेल इतक्या जवळून काढलेले. तेव्हा तुम्हालाच सांगते. तुमचं जहाज कुठे थांबलं, कुणी पुढे न्यायला लावलं, समोर काय झालं, हे तारखेनिशी लिहा. खाली सही करा. ज्या देशाचा झेंडा त्या जहाजावर होता, त्या देशाच्या जहाज खात्याला या आठवड्यात पाठवा. पुढे न्यायला सांगणारे तुम्हीच असाल, तर तेही लिहा.