तीन फ्यूज, एक पासपोर्ट

"जाय बावा, कायले मागं पाह्यतं?" असं इकबालभाईले मीच म्हटलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लोक मले उगाच शहाणा समजतील.

मी मधुसूदन. दिग्रसच्या एका जिनिंगात एकवीस वर्सं हजेरी लिहितो. इकबालभाई आमचा फिटर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनी त्याच्या हातच्या. नुसता आवाज ऐकून सांगे, सात नंबरच्या मशिनीची बेअरिंग खराब झाली. तोंडानं मात्र फटकळ. शेठलेही म्हणे, "मशिनले तेल पाजा, आमाले शिव्या कायले पाजता?"

त्याचा एक नेम होता. मशिनीत हात घालायच्या पयले स्विच बंद करणार, बोर्डातले तिन्ही फ्यूज उपसणार अन् सोताच्या खिशात टाकणार. सगळ्यांचे हात बाहेर आल्याबिगर ते खिशातून निघत नसत. पंधरा वर्सांपयले त्याच्या हाताखालच्या रामधनचा हात आत असताना कोणीतरी स्विच दाबला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली त्याची. तवापासून इकबालभाईनं कोणाच्या शब्दावर हात आत घातला नाही.

यंदा शेठनं आफ्रिकेत भागीदारीत जिनिंग टाकलं. तिथं दोन वर्सांसाठी फिटर पाहिजे होता. इकबालभाई खूश होता. इथं सीझन चार-पाच महिन्यांचा, मंग आर्णी-बाभुळगाव फिरत मोटरी दुरुस्त करत राहाचं. तिथं बारमाही काम. त्याच्या बायकोनं, शबानाभाभीनं, नवी बॅगही आणली.

मंग कागद आले. ते वाचाचं काम माझं. विसा फिरायले जाणाऱ्याचा होता, कामाचा नाही. कराराचा तर कागदच नव्हता.

"भाऊ, हे नियमात बसते का?" त्यानं मले विचारलं.

नियम मले माहीत होता. परदेशात कामाले जाणाऱ्यानं कामाचाच विसा अन् करार हातात घेऊन निघावं, पासपोर्ट सोताजवळ ठेवावा. पण शेठपुढं बोलाची आपली छाती नाही, म्हणून मी त्यालेच गप्प केलं. म्हटलं, "बाकीचे नाही का जात? जाय बावा, कायले मागं पाह्यतं?" आज ते आठवलं की सोताचीच लाज वाटते.

जायच्या दिवशी दुपारी गाडी फाटकात लागली. शेठच्या नागपूरच्या ऑफिसातले चारुदत्त साहेब न्यायले आले होते. इकबालभाई म्हणे, जाताजाता सात नंबरची मशीन दुरुस्त करून देतो; तो अन् रामधन मशीनघरातच होते. साहेबांनी बोलावलं तसा काळ्या हातानं आला. बॅग माझ्या टेबलाखाली होती.

"विमानतळावर विचारलं तर फिरायला चाललो म्हणायचं," साहेब म्हणाले. "तिथं उतरल्यावर कामाचे कागद करू. पासपोर्ट आमच्या माणसाजवळ राहील, कपाटात सुरक्षित. आत्ता माझ्याकडे द्या."

"करार?"

"तोही तिथंच."

"मंग साहेब, मले परत याचं असलं तर पासपोर्ट कोणाले मांगाचा?"

"दोन वर्षांआधी कशाला परत यायचंय?"

इकबालभाईनं काळे हात फडक्याले पुसले. मंग म्हणाला, "माही पोरगी अलफिया, तिनं काल वाचून दाखवलं. पासपोर्टावर छापलेलं हाय, हा सरकारच्या मालकीचा हाय म्हणून. माहाही नाही, तुमचाही नाही. मंग मी तुमाले कसा देऊ?"

साहेबांचा आवाज चढला. "जायचं नसेल तर इथंही येऊ नका उद्यापासून. शेठनीच सांगितलंय. शेवटचं विचारतो, देता की नाही?"

इकबालभाईनं माझ्याकडं पाह्यलं. एक शब्द बोललो असतो तर बरं झालं असतं. मी हजेरीच्या वहीत मान घातली.

इकबालभाईनं खिशात हात घातला. साहेबांनी हात पुढं केला. मलेही वाटलं, संपलं आता, देते हा.

त्यानं चिनीमातीचे तीन फ्यूज काढले अन् साहेबांच्या हाताले वळसा घालून माझ्या वहीवर ठेवले.

"मधुसूदनभाऊ, रामधन अजून आत हाय," तो म्हणाला. "हे त्याच्याच हातात द्या. दुसऱ्या कोणाच्या नाही."

बॅग उचलून तो गाडीत न बसता पायीच फाटकाबाहेर गेला. पासपोर्ट त्याच्या दुसऱ्या खिशात होता.

मी फ्यूज घेऊन मशीनघरात गेलो. रामधननं दोन बोटांच्या हातानं एकेक फ्यूज घेतला अन् खिशात टाकला.

"इकबालभाई सोता काहून नाही आला?" त्यानं विचारलं.

"साहेबांनी पासपोर्ट मांगला, त्यानं दिला नाही. काम सोडून गेला तो," मी म्हटलं. रामधननं माझ्या तोंडाकडं पाह्यलं.

"अन् तुमी काय म्हणलं?" तो बोलला.

मी म्हटलं, "काहीच नाही."