काल मी खरंच चंद्र पाहिला का?

मैत्रिणींनो, दर महिन्याचे चंद्र-ग्रह टिपायची आपली फिरती वही आज माझ्याकडे आहे. धीर करून लिहिते.

काल आमचा एकोणतिसावा रोजा होता; चंद्र दिसला तर आज ईद, नाही तर तिसावा रोजा. आमच्या सोनई गावावर ढग होते. चंद्र दिसल्याचं शेजारच्या एकट्या कासमभाईंनी सांगितलं, पण ईद ठरायला अजून एक पुरुष किंवा दोन बायका साक्षीला लागतात. त्यांची बायको अमीना एक झाली; दुसरी म्हणून तिनं मला घराच्या धाब्यावर, मातीच्या गच्चीवर, नेलं.

"त्यो बघा बाई, चिंचेच्या वर. दिसला न्हवं?"

ढगाच्या फटीत पांढरी रेघ होती. चंद्राची की ढगाचीच कड, कळेना. खाली गर्दी जमलेली. कुणीतरी म्हणालं, "बाई दर महिन्याला चंद्र बघत्यात. त्या चुकायच्या न्हाईत."

मी म्हणाले, "हो, दिसला."

आज रेशनची साखर घालून घरोघरी शीरखुर्मा झाला. मी माझी वाटी तशीच झाकून ठेवली. ती रेघ ढगाची असेल, तर सगळ्यांचा तिसावा रोजा माझ्यामुळं बुडाला.

आत्ता दिवस मावळलाय, आभाळ मोकळं आहे. चंद्र ठळक आणि उंच, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा असला, तर मी सुटले. अमीना वरून हाका मारतेय, पण मी खालीच बसून हे लिहितेय.

तुमच्याकडं काल दिसला का? मला बरं वाटावं म्हणून 'हो' लिहू नका. काल मी तेच केलं.