विहिरीत वाकून बघितलं म्हणून

"ए, मागं हो. तुमच्या लोकांनी आमच्या हिरीत वाकायचं न्हाई."

जमीनमालक ओरडला, तशी मी मागं झाले. हातातल्या पिशवीत नारळ होता, पेढे होते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. असली वाक्यं लहानपणापासून ऐकलेली. पण त्या दिवशी पिंपळवंडीच्या शिवारात ती जमीन विकत घ्यायला आम्हीच आलो होतो. वीस गुंठे आणि विहिरीतला हिस्सा. पंधरा वर्षं नवऱ्यानं आणि मी लोकांच्या रानात कांदा लावून जमवलं, ते सगळं त्यात जाणार होतं. आणि आमच्याच होणाऱ्या पाण्यात मी वाकायचं नाही!

नवरा हात जोडून उभा. जमीनमालक त्याला म्हणाला, "हितं शब्दावर येवहार व्हतो. पाणी काठोकाठ हाय, दिसतंय न्हवं? फोड नारळ."

दिसत होतं. पण शेजारून कालवाही वाहत होता. कालव्याला पाणी सुटलं की पाझरानं आमच्याकडची कुठलीही विहीर भरते. लोकांच्या पिकाला पाणी भरत आयुष्य गेलं माझं, हे मला कुणी शिकवायला नको.

मी म्हणाले, "कालवा बंद झाल्यावर बघते. मग फोडू."

मालक हसला. "तुझ्या बाईला लई कळतं का रं?"

नवऱ्याची मान खाली. मला लाज वाटली. खरं सांगते, राग नंतर आला. नारळ तसाच घरी आणला.  नवरा एवढंच म्हणाला, "मोठ्या मानसाचा शब्द मोडलास."

वैशाखात कालवा कोरडा पडला. मी एकटीच एसटीनं गेले. काठावर पालथं पडून आत बघितलं. खाली खडक, कपारीत पारवे. घागरभरसुद्धा पाणी नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही अशी.

मालक धावत आला. "कुणाला इचारून वाकलीस?"

मी उठून उभी राहिले. म्हणाले, "घेनारी मी हाय. कुणाला इचारू?"

"मग घिऊ नको."

"न्हाईच घेत."

आज पिंपरी पेंढारला दुसऱ्याच्याच रानात कांदा काढतेय. कंबर पार गेली. तुकडा मिळालेला नाही, कदाचित मिळणारही नाही. नवरा अजून मोठ्या माणसांपुढं वाकतो, मी ते वाकणं सोडून दिलंय. माझी कमाई जिथं जाईल तिथं आधी माझे डोळे जातील. ज्याला हे खपत नाही, त्याची जमीन त्यालाच लखलाभ.