एक काळी गोटी

फोन आला तेव्हा मी चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. केतकी एवढंच म्हणाली, "बाबा गेले गं, मृणाल. झोपेतच." मागच्या माणसाला वाट द्यायला मी बाजूला झाले, ट्रे ठेवला आणि दुपारच्या मीटिंगला जाऊन बसलेसुद्धा. त्याला आता पाच आठवडे झाले. अजून नीट रडू आलेलं नाही. नुसता थकवा आहे.

केतकीचे वडील, म्हणजे टिपणीसकाका, जहाजावर चीफ इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर सेंगकांगला लेकीकडे राहायचे. आमची ओळख सेरंगूनला एका घरच्या गणपतीत झाली. आरतीनंतर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "इथं बरं इंग्रजी कोण लिहितं?" माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी अडकले. काकांकडे चौदा वह्या होत्या. कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावरच्या फ्रीमेसन लॉजचा इतिहास, अख्खा मराठीत! फ्रीमेसन म्हणजे एकमेकांना बंधू म्हणवणाऱ्या, बंद दाराआड सभा भरवणाऱ्यांचा जुना संघ. लॉज म्हणजे त्यांची शाखा आणि तिची इमारत. "काका, पण हे तुम्ही का?" म्हटलं, तर म्हणाले, "दुसरं कुणी उरलं नाही म्हणून."

चाळिशीत असताना त्यांचं जहाज इंजिन मोडून त्या बेटावर पाच महिने अडकलं होतं. लॉज बंदरासमोरच. तिथले म्हातारे सेक्रेटरी, विल्फ्रेड, रोज दुपारी त्यांना चहाला बोलवत आणि सभांच्या वृत्तांतांची वाळवी लागलेली पुस्तकं पुढ्यात ठेवत. काका ती उतरवून घेत गेले, इंग्रजीतून थेट मराठीत; भरभर लिहायचं तर आपलीच भाषा, म्हणायचे. पुढे चक्रीवादळात इमारत गेली, पुस्तकं गेली. उरल्या त्या या वह्या.

त्या वह्या इंग्रजीत आणायला तीन वर्षं दर रविवारी मी सेंगकांगला जात होते. आठवडाभर स्क्रीनसमोर बसायचं आणि रविवारी पुन्हा लॅपटॉप उघडायचा… कित्येकदा जिवावर यायचं. माझा इथंच वाढलेला मुलगा इथल्या इंग्रजी ढंगात म्हणायचा, "आई, जस्ट टेल हिम नो, लाह." पण नाही म्हणवलं नाही.

अकराव्या वहीपाशी मात्र गाडी अडली. सॅम्युएल नावाच्या सुतारानं सभासद होण्यासाठी अर्ज केला होता. लॉजचं छप्पर त्यानंच घातलेलं. मतदान गुप्त असे. प्रत्येकानं पेटीत पांढरी किंवा काळी गोटी टाकायची आणि एक जरी काळी निघाली तरी अर्ज फेटाळायचा. वृत्तांतात एवढंच होतं, "एक काळी गोटी." सॅम्युएल काळा होता, तेव्हा कुणा गोऱ्यानंच टाकली असणार, असं मी लिहून मोकळी झाले. काकांनी ते खोडायला लावलं. का, ते सांगेनात. पुढे कधीही विषय काढला की म्हणत, "ते पान राहू दे. पुढचं घे."

शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती. उशीला टेकून म्हणाले, "घे लिहून. ती गोटी विल्फ्रेडची होती." विल्फ्रेड हा त्या लॉजमधला पहिला काळा सभासद. दुसरा आला तर गोरे चिडतील, आपल्यालाही बाहेर काढतील, या भीतीनं त्यानं आपल्या जिवलग मित्राला दाराबाहेर ठेवलं होतं. "त्यानंच मला सांगितलं. मी गेल्यावर लिही म्हणाला. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, माझ्याच हातून होईना. पाच महिने चहा पाजला गं त्यानं मला…" मी टाइप करत राहिले. निघताना म्हणाले, "सॅम्युएलच्या घरच्यांना पाठव. शिव्या घातल्या तर मला सांग." चौथ्या दिवशी ते गेले.

सॅम्युएलची नात त्या बेटावर शिक्षिका आहे. शोधून तिला ते प्रकरण पाठवलं. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. तिनं इंग्रजीत लिहिलं होतं, "आजोबांना हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं; विल्फ्रेड त्यांच्या नजरेला नजर देईनात. तरी ते दोघे जन्मभर आमच्या ओसरीवर डॉमिनो खेळले. तो स्वतः सांगेल याची मी वाट बघतोय, असं आजोबा म्हणायचे. विल्फ्रेड गेले तेव्हा त्यांची शवपेटी आजोबांनीच बनवली. कुणाला हात लावू दिला नाही."

रविवारी ते उत्तर घेऊन मी केतकीकडे गेले. काकांची खोली तिनं अजून आवरलेली नाही. काकांना लिहिलेलं कानांनी तपासायची सवय होती. मी इंग्रजी वाचून तेच पुन्हा मराठीत सांगायचे; ते पलंगावर पडून, डोळे मिटून ऐकायचे आणि एखादा शब्द खटकला की नुसतं बोट वर करायचे. पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून मी ते उत्तर मोठ्यानं वाचलं. शवपेटीपाशी आले आणि थांबले… केतकी दारात उभी होती.

"थांबलीस का?"

"काही नाही. झालंच वाचून."

"इंग्रजीत झालं," ती आत येऊन पलंगाच्या कडेवर बसली. "बाबांना मराठीत लागायचं."

मग मी पहिल्यापासून, सावकाश, मराठीत वाचायला लागले.