डुकराच्या वाटेवर लुगडी

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे धानाच्या बांदीभोवती, त्या बांध घातलेल्या तुकड्याभोवती, तिची जुनी लुगडी बांधणं. दिवस कलला होता. धान लोंबीवर होतं, दाण्यात दूध भरत होतं, आणि रानडुकराला ही बातमी मालकाच्या आधी कळते. मी काठ्या रोवत होतो, ती मागून लुगडं ताणून गाठ मारत होती.

"तिकडून ओढा ना जी. लोंबून रायलं ते."

"डुक्कर का लग्नाले येऊन रायला का? मांडव कायले सरळ पायजे?"

"येईन तं येऊ द्या. पन यंदा जेवून नाई जाऊ देत त्याले."

मागच्या साली डुकरांनी आमची बांदी अशी लोळवली होती की वर्षभर दुकानचा तांदूळ खावा लागला. तो तिच्या घशाखाली उतरत नव्हता. यंदा घरचाच भात खायचा, एवढं एकच तिचं मागणं होतं. देवाकडे नव्हे, माझ्याकडे.

मला हसू येत होतं. ज्यानं उभा जन्म डुकराची शिकार केली, तो म्हातारपणी डुकराला लुगडं दाखवत होता.

आमच्या वेळेस शिकार म्हणजे हाका. अर्धं गाव डबे बडवत नाल्यातून चालायचं आणि पुढे मी भरमार बंदूक घेऊन झाडाआड बसायचो. भरमार म्हणजे नळीत दारू ठासायची, छर्रे ठासायचे, वरून चिंधी ठासायची आणि तोवर डुकराला थांब म्हणायचं. डुक्कर बहुतेक थांबत नसे. नेम चुकला तर दारू ओली, लागला तर हात माझा. मांसाचे वाटे पळसाच्या पानावर पडत. ज्यानं नुसता डबा बडवला त्याला वाटा, कुत्र्यालाही वाटा, आणि हाक्याच्या दिवशी ज्याचं पोट दुखत होतं तो वाट्याच्या वेळी बरा होऊन हजर.

एकदा जखमी डुकरानं मला पळसावर चढवलं. झाड इतकं कोवळं की मी वर गेलो तसं ते खाली वाकलं आणि मी पुन्हा डुकराच्या तोंडापाशी आलो. गावात सांगताना त्या पळसाचा साग झाला, डुक्कर रेड्याएवढा झाला आणि मी नेम धरायला मुद्दाम चढलो होतो. ओसरीवर माणसं माना डोलवत होती. आतून ही म्हणाली, "मंग धोतर कोनं फाडलं जी? सागानं?"

त्यानंतर मी ती गोष्ट दुसऱ्याच्या ओसरीवर सांगू लागलो.

पुढे कायदा आला. होता म्हणे आधीपासूनच, आमच्या गावी पोचायला त्याला वेळ लागला. बंदूक जमा झाली. एक साहेब शाळेत येऊन जंगल वाचवा म्हणून सांगून गेला. जंगलाचं ठाऊक नाही, डुकरं वाचली. आता ती भरदिवसा पांदणीनं चालतात आणि आम्ही बाजूला होऊन त्यांना वाट देतो.

"डुक्कर डोयानं अर्धा आंधळा," त्या दिवशी काठी रोवता रोवता मी तिला शिकवलं. "त्याले तुया लुगड्याचा रंग का दिसते?"

"रंगासाठी कोन बांधून रायलं? मानसाचा वास नाई का त्याले? सारी उमर घाम जिरला याच्यात."

मी पुढची काठी ठोकली. जन्मभर डुकराच्या मागे फिरलो, पण हे मला सुचलं नव्हतं.

घरी आलो. तिनं भात टाकला, वांग्याची भाजी केली. जेवलो, झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तिला झाला नसेल.

मग पाहुण्यांचा हाका सुरू झाला. चारी बाजूंनी माणसं ओरडत आली आणि मला पळायला एक खाट तेवढी मोकळी ठेवली. सिहोऱ्याहून तिची मोठी बहीण आली. रडून झालं तशी तिला वावरातली लुगडी आठवली.

"जवाईबापू, गेल्या बाईचे लुगडे असे टांगून ठेवते का कोनी? जीव अडकते तिचा त्याच्यात. वैनगंगेत सोडा."

"तिचा जीव धानात हाय. धान घरी येऊ द्या, मंग सोडतो."

"डोस्कं फिरलं का तुमचं?"

नागपूरवाला पोरगा समजूत घालायला जवळ बसला. "बाबा, डुकरानं खाल्लं तं अर्ज करू. भरपाई भेटते."

"अर्जाचा भात शिजते का रे?"

पण हाक्यात सापडलेल्या जनावराचं किती चालतं! दहाव्याच्या दिवशी पोरांनी लुगडी सोडून आणली आणि नदीत टाकली. ती फुगली, फिरली, एकामागून एक खाली गेली. एक हिरवं लुगडं बराच वेळ बुडेना. सगळे माझ्याकडे पाहू लागले, जसं काय मीच धरून ठेवलं होतं. ते बुडालं तशी बहीण म्हणाली, "पाहा, मोकयी झाली माही बहीन."

मी म्हटलं, "डुकरंबी मोकयी झाली."

तिथंच घाटावर भावकीनं डोकी भादरली. माझी पाळी आली तेव्हा न्हावी जरा थांबला. "बुवा, मिशी राहू देऊ का?" माझ्या शिकारीत तेवढी मिशीच खरी होती, बाकी पुष्कळ वाढवलेलं. म्हटलं, "काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे घोरत होते. युरियाचं रिकामं पोतं घेऊन मी घाटावर गेलो. सुतकातल्या केसांना कोणी शिवत नाही, म्हणून कालचे भादरलेले केस जिथल्या तिथं पडून होते, दवानं ओले. ते पोत्यात भरले आणि वावरात आलो. नाल्याकडच्या कोपऱ्यात रात्रीच डुकरं येऊन गेली होती. चिखलात खूर उमटले होते, थोडं धान लोळवलं होतं. बाकीचं उभं होतं. मी पाळीवरून, बांदीच्या मातीच्या बांधावरून, चालत मूठ मूठ केस टाकत गेलो.

शेजारचा वावरवाला बैल घेऊन चालला होता. थांबला.

"का पेरून रायले बुवा?"

"भावकी."

तो बैलाची शेपटी पिळून पुढे गेला.

पांढरे केस कोणते माझे, कोणते भावाचे, मला ओळखू येईना. डुकराला येतील. उरलेलं पोतं मी त्या कोपऱ्यावर उलटं करून झटकलं. मग चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. जन्मभर मी असा बसलो की वारा जनावराकडून माझ्याकडे यावा, त्याला माझा वास लागू नये. त्या सकाळी वारा पाठीवर घेतला आणि नाल्याकडे तोंड करून पाळीवर बसलो.